वेंकटरावांकडच्या मावशी

वेंकट माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट माणसाला लाज वाटत नाही. वेंकटला जी वाटली ती अजून उतरलेली नाही, आणि उतरू नये असंच खरं तर म्हणायला हवं.

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांना लागणारे रबराचे भाग बनवणारा एक लहानसा कारखाना आहे. तिथली खरेदी वेंकट सत्तावीस वर्षं सांभाळत होता. यंदा पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीनं तो कारखाना विकत घ्यायचं ठरवलं, आणि कुणाला ठेवायचं, कुणाला नारळ द्यायचा ते बघायला तिकडून दोघं आली. एक अमरसिंह साहेब, मूळचे कोल्हापूरचे. दुसऱ्या संयुक्ता मॅडम, पक्क्या पुण्याच्या. मुक्काम चार दिवस, विमानतळासमोरच्या हॉटेलात.

मालकानं वेंकटला आत बोलावून सांगितलं, "तुझी मराठी आहे ना? मग त्यांची पाठ सोडू नकोस. खायला घाल, फिरव, काय हवं नको ते बघ. आपला कारखाना आणि ओरगडमचे गाड्यांचे कारखाने ह्यांच्यात धावपळ करायला त्यांना इथला एक माणूस ठेवायचाय. एकच." वेंकटला बावन्न पुरी झाली होती. ह्या वयात नोकरी गेली तर दुसरी कोण देणार? तेव्हा ह्या चार दिवसांवर त्याचं सगळं अवलंबून होतं.

आणि मराठीची त्याला काय भीती? पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेले. घरी अजून तीच भाषा. बाहेर तमिळ, कारखान्यात इंग्रजी, आणि वेस्ट मांबलमच्या आपल्या दोन खोल्यांत म्हाताऱ्या आईशी आणि बायकोशी मराठी. इतकी वर्षं जिचा बाजारात कवडीचा उपयोग झाला नाही, ती आता नोकरी वाचवणार म्हणून गडी खुशीत होता.

पहिल्या संध्याकाळी हॉटेलच्या जेवणघरात तो पाहुण्यांसमोर बसला आणि मनापासून म्हणाला, "तुम्हांस काय पाहिजे तें मज सांगा. लाजूं नका. साहेबांची बाईल पण आली असती तर बरें झालें असतें."

अमरसिंहांच्या घशात रसम अडकलं. संयुक्ता मॅडमनी रुमाल तोंडावर धरला, पण खांदे हलायचे ते हललेच. वेंकटच्या घरी साडेतीनशे वर्षं बायकोला बाईल म्हणत आलेत, त्यात हसण्यासारखं काय ते त्याला कळेना. पण समोर साहेब हसतोय म्हटल्यावर तोही हसला.

"वेंकटराव," अमरसिंह डोळे पुसत म्हणाले, "तुम्ही बोलता का बखर वाचून दाखवता हो?"

झालं. त्या क्षणापासून वेंकटचं नाव पडलं बखर. "अहो बखर, ती चटणी सरकवा." "बखरीत ह्याला काय म्हणतात?" मॅडम तर फोन पुढं धरून म्हणायच्या, "परत एकदा म्हणा ना, मज ठाऊक नाहीं! आमच्या घरच्या ग्रुपवर टाकते." वेंकट म्हणून दाखवायचा. दोघं वाईट नव्हती, चेष्टेत मायाही होती, पण मायेनं काढलेला चिमटाही चिमटाच असतो. घरी परतताना गाडीत तो ओठातल्या ओठात घोकायचा: मज नाही, मला. तुम्हांस नाही, तुम्हाला. आपल्याच आईची भाषा तो पुसायला निघाला होता, आणि त्याला वाटत होतं आपण सुधारतोय.

दुसरी अडचण जेवणाची. विमानतळाजवळच्या हॉटेलात राहणं म्हणजे गावात येऊन गाव न बघणं. समोर मोठा हमरस्ता, पलीकडं विमानतळ, चालत जावं असं आसपास काही नाही. सकाळी इडली, पोंगल, वडा, रात्री तेच वेगळ्या भांड्यांत. एकदा अमरसिंहांनी वाढप्याला हिंदी-मराठीची मिसळ करून सांगितलं, "कुछ साधं दो, साधं." तमिळमध्ये सादम म्हणजे भात. त्यानं भाताचा डोंगर आणून ठेवला. साहेबांनी हात जोडले, तर त्याला वाटलं नमस्कार करतायत.

मग वेंकट रोज संध्याकाळी दोघांना बाहेर काढायचा. विमानतळातूनच मेट्रो सुटते, तीत बसवून कधी सैदापेटला केळीच्या पानावर जेवायला, कधी आलंदूरला गाडी बदलून वडपळनीला डोसे खायला. कुठं उतरायचं, रिक्षावाल्याला काय सांगायचं, ताक कधी मागायचं, सगळं तो सांभाळायचा. फिरण्यात दोघं खूश, पण तिसऱ्या दिवशी मॅडमनी पानावरचा भात बोटानं बाजूला सारला आणि म्हणाल्या, "वेंकटराव, जीव घ्या पण पोळी द्या. आता फक्त पोळी-भाजी हवी."

इथंच ते सगळं सुरू झालं. मॅडमनी विचारलं, "तुमच्या घरी कोण करतं स्वयंपाक?" वेंकटची बायको कनका लेकीच्या बाळंतपणासाठी कोइंबतूरला गेली होती. घरी करायची ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, त्रिपुरसुंदरी. खरं उत्तर एवढंच होतं. पण तीन दिवस बखर होऊन हसं करून घेतलेल्या माणसाला कुठंतरी मोठं व्हायचं असतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. तो म्हणाला, "घरी स्वयंपाकाला मावशी आहेत."

हा शब्दही त्यांचाच. हॉटेलात खोली झाडायला येणाऱ्या बाईला मॅडम मावशी म्हणायच्या, कारखान्यात चहा देणाऱ्या बाईलाही मावशी. वेंकटनं ते हेरलं होतं. तंजावरकडच्यांत मावशी म्हणजे आईची बहीण, दुसरी कुणी नव्हे. पण आता तो पुण्याचं बोलायला शिकत होता ना.

मॅडम प्रभावित झाल्या. "आणि आई?"

"आई..." वेंकटला आता थांबवेना. "आई आमची जुन्या वळणाची. दरबारी घराणं. ती कोणाला भेटायला जात नाही, लोक तिला भेटायला येतात."

दरबारी घराणं! त्रिपुरसुंदरीचे वडील कुंभकोणमला शाळेत शिपाई होते.

रात्री घरी येऊन त्यानं आईला सहज म्हणून सांगितलं, की विमानतळासमोरच्या हॉटेलात तिकडचे लोक जेवणाविना वाळलेत, पोळी पोळी करतायत. आई भिंतीला टेकून बसली होती ती ताठ झाली. तिरुपतीच्या वर ती आयुष्यात गेली नव्हती. आपली भाषा बोलणारा एक मोठा देश वर कुठं तरी आहे, हे तिनं नुसतं ऐकलेलं. आणि त्या देशाची माणसं तिच्या गावात येऊन उपाशी?

"मी करतें पोळ्या," ती म्हणाली. "तूं घेऊन जा. आपलीं माणसें रे तीं."

"नको आई. हॉटेलात बाहेरचें चालत नाहीं."

"मग त्यांस इकडें घेऊन ये."

"त्यांस वेळ नाहीं," वेंकट म्हणाला आणि दिवा मालवून झोपला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या, पाहुण्यांचं विमान दुपारी होतं. आई पहाटेच उठलेली. स्वयंपाकघरातून गुळाचा आणि वेलदोड्याचा वास येत होता. वेंकटला तो कळला होता बरं का. पण तो अंघोळ करून, कॉफी पिऊन, डबा भरून व्हायच्या आधीच दार ओढून बाहेर पडला. नंतर कुणी विचारलं असतं तर म्हणाला असता, विसरलो.

साडेदहाला तो पाहुण्यांबरोबर हॉटेलच्या दिवाणखान्यात बसला होता. कागद आवरून झाले होते. अमरसिंह काहीतरी ठरवून आल्यासारखे दिसत होते, "वेंकटराव, एक बोलायचं होतं," असं म्हणालेही होते. तेवढ्यात काचेच्या दारापाशी गलका झाला. रखवालदार कुणा म्हातारीला अडवत होता. पाट्टी, म्हणजे आजी, इकडं नाही, मागच्या दारानं जा, असं तमिळमध्ये तिला समजावत होता. आणि म्हातारी त्याला सोडून आत, संगमरवरावर, लांब नजर टाकत होती.

त्रिपुरसुंदरी होती ती. विटलेली सुती साडी, पायांत रबरी चपला, घामानं कपाळाला चिकटलेले केस, कोपराला वाळलेलं पीठ. हातात कापड-दुकानातून मिळते तसली पिवळी पिशवी, जी घेऊन फिरणाऱ्याला चेन्नईतली पोरं गावंढळ म्हणून हसतात. मांबलमला जिना चढून, इलेक्ट्रिक गाडीत, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये बसून, तिरुसुलमला उतरून, रस्त्याखालचा भुयारी मार्ग ओलांडून ती आली होती. दुखऱ्या गुडघ्यांनी, एकटी.

तिला वेंकट दिसला. तिचा चेहरा उजळला. वेंकटला मात्र आपलंच बोलणं आठवलं. काय काय सांगून बसलो होतो आपण! दरबारी घराणं, लोक भेटायला येतात. आणि ही तोंड उघडेल तेव्हा आपल्याहून दुप्पट बखर. तो उठला, पण त्याच्याआधी मॅडम उठल्या. त्यांना पिशवीतून वर आलेलं डब्याचं झाकण दिसलं होतं.

"अय्या! वेंकटराव, ह्याच का त्या तुमच्याकडच्या मावशी?"

एवढाच प्रश्न. उत्तर द्यायला फार वेळ नसतो अशा वेळी, पण असतो. "नाही, ही माझी आई," ह्याला काही तास लागत नाहीत. वेंकटनं अमरसिंहांकडं बघितलं, मग जमिनीकडं बघितलं.

"हो," तो म्हणाला. "ह्याच."

आईनं ते ऐकलं आणि ती हसली. तिला वाटलं पोरगी मायेनं मावशी म्हणतेय. आई मरो पण मावशी जगो, इतकी ज्या भाषेत मावशीची थोरवी, त्या भाषेत असं म्हणवून घ्यायला कुणाला आवडणार नाही? तिनं पिठाचा हात साडीला पुसून मॅडमच्या गालावरून फिरवला. "या ग माझे बाई. किती वाळलीस."

जेवणघरात बाहेरचं चालत नव्हतं, म्हणून सगळे अमरसिंहांच्या खोलीत गेले. मॅडमनी फोन करून ताटल्या मागवल्या. खोलीत खुर्च्या दोनच. त्यांवर पाहुणे बसले, वेंकट पलंगाच्या कडेवर. आई उभी राहिली. वाढायचं होतं म्हणून उभी, तिला त्यात काही वाटलं नाही. डबे उघडले. वांग्याची रसवांगी, आंबट भाजी, आणि तिसऱ्या डब्यात केळीच्या पानात गुंडाळलेल्या पोळ्या. पुरणाच्या, तुपानं चमकणाऱ्या. वीस तरी असतील.

"अगंबाई, पुरणपोळ्या!" मॅडम हसायला लागल्या. "मावशी, मला साधी पोळी हवी होती हो. रोजची!"

आई गोंधळली. "पोळी म्हणजे हीच की ग. रोज कोण करतो पोळी? ती चपाती."

मॅडमना हसू आवरेना. वेंकटचे कान तापले. पहाटेपासून राबून म्हातारीनं केलेल्या पोळ्यांचं त्याला कौतुक नव्हतं, त्याला फक्त ते हसणं ऐकू येत होतं. "ह्यांना कळत नाही, मॅडम," तो म्हणाला. "जुन्या आहेत." आपण आईला 'ह्यांना' म्हणालो हे त्याच्या जिभेला कळलं, पण शब्द सुटून गेला होता.

आईनं त्याच्याकडं बघितलं. अजून तिला उमगलेलं नव्हतं, पण काहीतरी खटकलं होतं. तिनं निमूट वाढलं. मॅडमनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि अगदी मनापासून, कौतुकानं विचारलं, "काय हात आहे हो मावशी तुमचा! वेंकटरावांकडचं आटपलं की आणखी कुठं कुठं जाता स्वयंपाकाला?"

त्रिपुरसुंदरीच्या हातात तुपाची वाटी होती. ती तिनं हळूच टेबलावर ठेवली. मुलाकडं एकदाच बघितलं, फार वेळ नाही. वेंकटला त्या वेळी जमीन दुभंगून पोटात घेती तर बरं झालं असतं. पण सातव्या मजल्यावर जमीन कुठली?

अजूनही तो बोलू शकला असता. त्याचं तोंड उघडलंही. पण आई त्याच्याआधी बोलली.

"दुसरीकडें कोठें जात नाहीं," ती म्हणाली. "ह्यांच्याच घरीं. बावन्न वर्षें झालीं."

"बावन्न!" अमरसिंह ताटलीतून मान वर करून म्हणाले. "म्हणजे वेंकटराव तान्हे होते तेव्हापासून?"

"होय. हे जन्मले तेव्हांपासून." आणि तिनं पोळीचा डबा उचलला, पलंगाच्या कडेवर बसलेल्या मुलासमोर वाकली आणि विचारलं, "साहेबांस अजून एक घालूं?"

आयुष्यात तिनं त्याला कधी तूंशिवाय हाक मारली नव्हती. वेंकटनं ताटली पुढं केली. तो खात राहिला, आई उभी राहिली, आणि प्रत्येक घास गिळताना त्याला वाटत होतं, आता सांगू, हा घास संपला की सांगू. माणसाचा धीर असा घासाघासानं संपतो.

अमरसिंह मात्र खुलले होते. चार पोळ्या झाल्या तरी हात थांबेना. "संयुक्ता, तू हसू नकोस," ते म्हणाले. "आमच्या कोल्हापूरला पण पोळी म्हणजे हीच. तुमची ती चपाती. मावशींचं बरोबर आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "माझी आई अशीच बोलायची. म्हणजे ही भाषा नाही, पण अशीच ठसक्यात, गावाकडची. मी पुण्यात शिकायला होतो तेव्हा डबा घेऊन यायची वसतिगृहावर. पोरं तिच्या बोलण्याला हसायची. ती म्हणायची, हसतील त्याचे दात दिसतील, तू जेव. मी वेंकटरावांना एवढा चिडवतो ना, ते खरं तर त्यामुळंच. इतक्या वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं माझ्याशी."

म्हणजे काहीच गेलं नसतं. पिवळी पिशवी, रबरी चपला, ती भाषा, सगळ्यासकट ह्या माणसानं तिला डोक्यावर घेतलं असतं. वेंकटला ते कळलं आणि त्याची लाज दुणावली. निदान काही वाचवायला खोटं बोललो असतो! वाचवायला तिथं काही नव्हतंच. आणि समजा, साहेब हसला असता, नोकरी गेली असती, तरी काय? हा विचार मागाहून आला. मागाहून सगळेच शहाणे होतात.

"एकच राहिलं बघा," अमरसिंह हात धुऊन येत म्हणाले. "तुमच्या मातोश्रींना भेटायचं. मावशी, तुम्ही तरी सांगा, कशा आहेत त्या?"

वेंकटनं डोळे मिटले.

"बऱ्या अहेत," आई डबे एकात एक बसवत म्हणाली. "गुडघे दुखतात. एवढें दूर येववत नाहीं त्यांस."

"त्यांना आमचा नमस्कार सांगा."

"सांगतें."

निघताना अमरसिंह खाली वाकले आणि त्यांनी त्रिपुरसुंदरीच्या पायांना हात लावला. स्वयंपाकाच्या बाईच्या पायांना, त्यांच्या लेखी. तिनं मागं न सरता त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "शंभर वर्षें जगा बापा. आई अहे का तुमची?" साहेबांनी नाही म्हणून मान हलवली. "मग तिचें नांव सांभाळा," ती म्हणाली.

लिफ्टच्या दारात अमरसिंहांनी वेंकटचा हात हातात घेतला. सकाळपासून बोलायचं होतं ते बोलले. "इथला आमचा माणूस तुम्हीच. मी कालच कळवलंय वर. पत्र येईल." काल! म्हणजे सकाळी त्या दिवाणखान्यात वेंकटनं आईला ओळख दिली नाही तेव्हा ती नोकरी त्याच्या खिशात होती. त्यानं आभार मानले. शुद्ध पुणेरी मराठीत मानले, एकही शब्द चुकला नाही.

पाहुणे हॉटेलच्या गाडीत बसून विमानतळाकडं गेले. वेंकट आईबरोबर उन्हात उभा राहिला.

"मी टॅक्सी बोलावतों," तो म्हणाला.

"कशास? गाडी अहे ना." ती चालायलाही लागली होती.

रस्त्याच्या कडेनं ती पुढं, तो मागं. भुयारी मार्गाच्या पायऱ्यांपाशी त्यानं पिशवीला हात घातला. तिनं ती दुसऱ्या बाजूला घेतली. "राहूं द्या. जड नाहीं. पोळ्या संपल्या सगळ्या." रागानं नाही, अगदी साध्या आवाजात. रागावली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर त्याला सोसलं असतं. पण ती त्याच्याशी परक्या मोठ्या माणसाशी बोलावं तशी अदबीनं बोलत होती, आणि तो एकेक पायरी गुडघ्यावर हात टेकून उतरणाऱ्या त्या म्हातारीच्या मागं रिकाम्या हातांनी उतरत होता.

फलाटावर तो म्हणाला, "आई, चुकलें माझें. मी त्यांस आतांच फोन करतों. खरें तें सांगतों."

"नको," ती म्हणाली. "त्यांस वाईट वाटेल. ती पोरगी चांगली अहे, बिचारी रडेल. पोट भरून गेलीं अहेत, तशींच जाऊं द्या."

गाडी आली. दुपारची वेळ, डबा निम्मा रिकामा. आई खिडकीशी बसली, तो तिच्याशेजारी. समोरच्या बाकावर फुलांची टोपली घेऊन एक बाई बसली होती. मागच्या पळ्ळावरम स्टेशनावरून येताना तिला बोलायला कुणी मिळालं नसावं. तिनं दोघांकडं बघितलं, नाकाडोळ्यांची ठेवण ताडली आणि तमिळमध्ये आईला विचारलं, "पाट्टी, हा तुमचा मुलगा का?"

आई खिडकीतून बाहेर बघत राहिली. विमान उतरत होतं का चढत होतं, ते बघत असेल.

वेंकटला वाटलं, देवानंच ही बाई पाठवली. तो पुढं सरकून बसला आणि मोठ्यानं, डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तमिळमध्ये म्हणाला, "होय. माझी आई. ही माझी सख्खी आई." दोन-तीन माणसांनी वळून बघितलं. फुलवाली दचकली, तिनं एवढं काही विचारलं नव्हतं. वेंकटचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगायचं तर त्याला जरा हलकंही वाटलं होतं. त्यानं आईकडं बघितलं.

आईनं खिडकीतून मान वळवली. पदरानं कोपरावरचं पीठ पुसलं. मग सकाळनंतर पहिल्यांदा ती त्याच्याशी आपल्या नेहमीच्या आवाजात बोलली.

"तमिळांत कशास सांगतोस रे?" ती म्हणाली. "मराठींत सांगायाचें होतें तें."